खोकला, खोली नंबर १४ आणि दीड किलोमीटर

आपल्या होस्टेलमध्ये रात्री दोन वाजता कोणी खोकलं तर तीन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. पहिली, "अरे, पाणी पी." दुसरी, "सिगरेट कमी कर." आणि तिसरी भिंतीपलीकडून येते, ती या मासिकात छापता येणार नाही. "दवाखान्यात जा" असं मात्र कोणी म्हणत नाही. मीही म्हटलं नव्हतं.

गोष्ट फर्स्ट इयरची आहे. २०२३ ची दिवाळी संपवून आम्ही परत आलो आणि माझ्या रूम पार्टनरला खोकला सुरू झाला. आधी वाटलं, थंडी. मग वाटलं, मागच्या इमारतीचं बांधकाम चालू आहे, त्याची धूळ. मग सबमिशन आलं, आणि सबमिशनच्या काळात माणसाला खोकला आहे की नाही हे त्याचं त्यालाही कळत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक सिरप दिलं, ते संपल्यावर दुसरं दिलं, मग "स्ट्राँग" म्हणून पाच गोळ्यांची अँटिबायोटिकची पट्टी दिली. पँट ढिली व्हायला लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून मेसला दोष दिला. मेसला दोष देणं हे कसं आपल्या रक्तातच आहे!

असे सात आठवडे गेले. शेवटी निघाला टीबी.

तो आज ठणठणीत आहे, माझ्यासोबत थर्ड इयरला आहे, आणि हा लेख त्याने वाचून, दोन ठिकाणी खोडून मगच मी दिला आहे. नाव मात्र नको म्हणाला. माझ्या डोक्यात तेव्हापासून एक प्रश्न बसला आहे. आपल्या गेटपासून सरकारी दवाखाना दीड किलोमीटरवर. तिथे थुंकी तपासायला पैसे लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. मुलगा हुशार, सीईटीला उत्तम मार्क, मोबाईलमध्ये सगळं जग. मग सात आठवडे तो दीड किलोमीटर चालला का नाही?

मी हे त्याला विचारलं. त्याची उत्तरं शेवटी सांगतो. कारण त्याआधी मी जे वाचत गेलो त्यातून कळलं की हा प्रश्न काही आमच्या खोलीपुरता नाही. लहान मुलं आणि पंधरा-सतरा वर्षांची पोरं दवाखान्यात कधी जातात, कधी जात नाहीत आणि का, यावर लोकांनी अख्खी आयुष्यं घातली आहेत.

रोनाल्ड अँडरसन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली याचं एक मॉडेल मांडलं. तुम्ही म्हणाल, मॉडेल म्हटलं की आता समीकरणं येणार. नाही. तो म्हणतो, माणूस आरोग्यसेवा वापरतो की नाही हे तीन प्रकारच्या गोष्टींवर ठरतं. एक, माणूस मुळात कसा आहे : वय, मुलगा की मुलगी, शिक्षण, घरातल्या समजुती. दुसरं, त्याच्या हातात काय आहे : पैसा, गाडी, दवाखान्याचं अंतर, सोबत येणारं कोणी. आणि तिसरं, गरज. त्यातही प्रत्यक्ष आजार वेगळा आणि आजार आहे असं वाटणं वेगळं. मजा म्हणजे अँडरसनने सुरुवातीला हे मॉडेल एकट्या माणसाचं मांडलंच नव्हतं, कुटुंबाचं मांडलं होतं. कारण दवाखान्यात जायचं हे बहुतेक वेळा घर ठरवतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे अँड गेट आहे. सगळे इनपुट एक असले तरच आउटपुट एक. गरज आहे, पैसे आहेत, एसटी आहे, पण सासूबाई "दात येताहेत म्हणून ताप आहे" म्हणाल्या, की आउटपुट शून्य. आपण बाहेरून बघणारे लोक काय करतो? एखादा इनपुट धरतो ("लोक अडाणी आहेत", किंवा "सरकार दवाखाने बांधत नाही") आणि त्यावरच भाषण देतो. बाकीच्या तारा कुठे तुटल्या आहेत ते बघतच नाही.

लहान बाळाचं तर हे फारच विचित्र आहे. त्रास त्याला, सांगणार कोण? ते रडतं. रडणं ओळखते आई. ठरवतात घरातली मोठी माणसं. पैसे वडिलांकडे, आणि वडील ऊसतोडीला गेलेले. म्हणजे एका रोग्यासाठी चार माणसांचं एकमत लागतं. त्यात वेळ जातो, आणि बाळाकडे वेळच नसतो.

गडचिरोलीचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे न्यूमोनियावर काम केलं. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला एक्स-रेच लागतो असं नाही, श्वास मोजले तरी बराच अंदाज येतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर धोका. पण ज्या बाईला शंभरापर्यंत मोजता येत नाही तिने काय करायचं? तर त्यांनी एक साधं यंत्र केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया समजायचा. बॅटरी नाही, डिस्प्ले नाही, सॉफ्टवेअर अपडेट नाही! आपण फायनल इयरला आयओटी लावून जे काही करतो (आणि जे बहुतेक वेळा एक्स्टर्नलसमोरच बंद पडतं) त्यापुढे हे यंत्र मला फार मोठं वाटतं.

नवजात बाळांच्या बाबतीत त्यांनी याहून धाडसी गोष्ट केली. बाळंतीण आणि बाळ पहिले काही दिवस घराबाहेर पडत नाहीत, अशी रीत. मग बाळ आजारी पडलं तरी दवाखाना त्याच्यासाठी असून नसल्यासारखा. लोकांना "रीत मोडा" म्हणून सांगण्यापेक्षा त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं आणि सेवाच घरात नेली. ३९ गावांत हा प्रयोग झाला, १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे २०११ पासून देशभर आशा ताई घरोघरी जाऊन बाळ तपासू लागल्या, ती पद्धत याच कामावर उभी आहे. अँड गेटमधला एक इनपुट काही केल्या एक होत नसेल तर सर्किटच बदला, असं हे झालं.

मेळघाटातली गोष्ट निराळी. तिथे कोरकू बोलणारी आई मराठी बोलणाऱ्या डॉक्टरपुढे उभी राहते तेव्हा अर्धं बोलणं हवेत जातं. भूमका तिच्या भाषेत बोलतो, रात्री-अपरात्री येतो, ओरडत नाही. म्हणून बाळाचं पोट फुगलं की आधी भूमका, आणि कुठे कुठे पोटावर तापलेल्या सळईचे चटके, ज्याला तिकडे डंबा म्हणतात. हे भयंकर आहे, त्याचं समर्थन नाहीच. पण हे वाचून हसण्याआधी जरा आठवा, आमच्या खोलीत सात आठवडे कोणाचं औषध चालू होतं? मेडिकलच्या काउंटरमागच्या माणसाचं. तोही आपल्या भाषेत बोलतो, रात्री अकरापर्यंत असतो आणि ओरडत नाही. आमचा भूमका तो.

आता मुलींकडे येऊ. दिल्लीच्या एम्सच्या २०१६ सालच्या ओपीडी नोंदी काही संशोधकांनी तपासल्या. थोड्याथोडक्या नाहीत, तेवीस लाखांच्या वर. त्यात दर एका स्त्री रुग्णामागे १.६९ पुरुष. मला चटका लावून गेला तो पुढचा आकडा. दिल्लीतून आलेल्या रुग्णांत हे प्रमाण १.४१ होतं आणि बिहारमधून आलेल्यांत २.३७. म्हणजे दवाखाना जितका लांब तितक्या बायका आणि मुली गळत गेल्या. अंतर सगळ्यांना सारखंच, पण त्या अंतराचा खर्च करायचा का, हे कोण आजारी आहे त्यावर ठरतं. मुलासाठी कर्ज काढून दिल्ली गाठायची, मुलीसाठी तालुक्याच्या डॉक्टरवर भागवायचं.

राणीताई बंग यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच गडचिरोलीच्या दोन गावांचा अभ्यास छापला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. गरज ९२, वापर ८. अँडरसनचं मॉडेल दोन आकड्यांत! पुरुष डॉक्टरपुढे बोलायचं नाही, आईनेही कधी बोललं नाही, आणि दुखतं हे बाईचं नशीबच, असं सगळं त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत भरलेलं आहे. आपल्या लेडीज होस्टेलमधल्या मैत्रिणींना मी विचारलं तेव्हा एक जण म्हणाली, "पाळीत पोटात इतकं दुखायचं की लेक्चर सोडून खोलीत पडून राहायचे, आईला फोन केला तर म्हणे लग्न झालं की थांबतं." हे तिने हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

गरज असूनही ती न वाटणं, याचं आणखी एक उदाहरण म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाचे निघाले. यांपैकी किती जण "मला रक्त कमी आहे" म्हणून दवाखान्यात जातात? दम लागतो, लक्ष लागत नाही, झोप येते. त्याला घरी आळस म्हणतात आणि कॉलेजात अटेंडन्स शॉर्टेज. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळायची, आठवते का? आमच्या वर्गात अर्ध्या गोळ्या खिडकीबाहेर जायच्या. कारण कोणाला तरी मळमळलं आणि कोणाची तरी शी काळी झाली. लोहामुळे हे होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, गोळी जेवल्यावर घ्यायची एवढंच. पण ते एक वाक्य आम्हाला कोणी सांगितलं नाही. गोळी मोफत होती, खिडकीही मोफत होती.

आता आपलं वय. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षांना किशोरवय म्हणते, म्हणजे आपले फर्स्ट इयरवाले, आणि सेकंड इयरचेही बरेच जण, त्यातच येतात. हे वय अधांतरी असतं. लहान असताना आई कडेवर घेऊन जाते. मोठं झाल्यावर आपण आपले जातो. मधल्या काळात आईने नेलेलं चालत नाही आणि स्वतः जायचं सुचत नाही. शिवाय या वयात बाकीच्यांच्या मानाने आजार कमी, त्यामुळे यंत्रणेलाही आपली फारशी आठवण नसते.

तसं कागदावर बरंच काही आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी व अनुदानित शाळेत येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. हृदयातलं छिद्र, दुभंगलेला ओठ, कमी ऐकू येणं, असं कितीतरी या तपासणीत सापडतं, कारण इथे मुलाला दवाखान्यात जावं लागत नाही, दवाखाना वर्गात येतो. पण बारावीनंतर? सतरा वर्षांचा मुलगा खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलला आला की तो त्या पथकाच्या यादीतून बाहेर. नेमका घर सुटल्यावरच हाही आधार सुटतो.

जानेवारी २०१४ पासून किशोरांसाठी वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. महाराष्ट्रात त्याची केंद्रं 'मैत्री क्लिनिक' म्हणून ओळखली जातात, सरकारी रुग्णालयांत त्याची पाटी दिसते. कल्पना फार चांगली. वजन, त्वचा, पाळी, व्यसन, मनातली भीती, काहीही विचारा, समुपदेशक ऐकून घेईल. मग गर्दी का नाही? मी आणि एक मित्र मुद्दाम एका ठिकाणी जाऊन बसलो (गाव सांगत नाही). केसपेपरच्या खिडकीवर, मागे वीस माणसं असताना, आतून आवाज आला, "काय होतंय?" मित्राने सांगायचं ठरवलं होतं एक आणि सांगितलं दुसरं : "डोकं दुखतंय." मग आम्हाला डोकेदुखीच्या लाइनीत पाठवलं! त्या खिडकीवरच्या माणसाची यात काही चूक नाही, तो दिवसाला शेकड्यांनी केसपेपर काढतो. पण पोरगं जे बोलायला आलं होतं ते त्या खिडकीवरच मेलं.

जागतिक आरोग्य संघटनेने किशोरांसाठीच्या सेवेच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत : ती पोहोचण्यासारखी हवी, पोरांना पटणारी हवी, सगळ्यांना सारखी हवी, त्यांच्या गरजेला योग्य हवी आणि गुणकारी हवी. आपल्याकडे पहिल्या कसोटीवरच सगळा जोर. इमारत बांधली, पाटी लावली, झालं. आणि ती तरी पोहोचण्यासारखी आहे का? आपल्या दीड किलोमीटरवरच्या दवाखान्याची ओपीडी सकाळची. आपली प्रॅक्टिकल्सही सकाळचीच. दवाखान्यात जायचं म्हणजे एक प्रॅक्टिकल बुडवायचं, आणि ते भरून काढायला सर्टिफिकेट आणायचं, आणि सर्टिफिकेट आणायला पुन्हा त्याच ओपीडीत जायचं. हे इन्फिनिट लूप आहे, यातून ब्रेक स्टेटमेंट कोणी लिहायचं ते स्टाफनेच सांगावं.

त्यात अठरा वर्षांची भानगड. फर्स्ट इयरला आपल्यातले कितीतरी सतराचे असतात. कायद्याने अज्ञान, म्हणून उपचाराला पालकांची संमती लागते. आईवडील तीनशे किलोमीटरवर. साधा ताप असेल तर फोनवर भागतं. पण जी गोष्ट घरी कळू नये म्हणूनच मुलगा किंवा मुलगी दवाखान्यात आली असेल, तिचं काय? २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलीशी शरीरसंबंध आल्याचं कळलं की डॉक्टरनेही पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं. हेतू मुलांच्या रक्षणाचा, आणि तो हवाच. पण पोलीस येतील या भीतीने मुली डॉक्टरकडे जायच्याच टाळतात, हेही खरं. म्हणून २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव-गाव सांगायची गरज नाही. हे किती जणींना माहीत आहे? मला तरी हा लेख लिहीपर्यंत माहीत नव्हतं.

मनाच्या आजारांवर मी फार लिहिणार नाही, कारण त्यावर वेगळा लेख हवा आणि तो लिहायला माझ्यापेक्षा शहाणा माणूस हवा. दोनच गोष्टी सांगतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के होतं. साठ जणांच्या वर्गात चार-पाच. आणि २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. शारीरिक आजारात निदान शरीर ओरडतं. इथे पोरगं म्हणतं, "काही नाही रे, मूड नाही." १४४१६ हा टेली-मानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि कोणाच्या केबिनबाहेर बसावं लागत नाही. केबिनबाहेर बसावं लागणं ही किती मोठी अडचण आहे हे फक्त होस्टेलवाल्यांनाच कळेल. चार नंबरच्या मजल्यावर कळलेली गोष्ट मेसमध्ये पोचायला एक जेवण पुरतं.

थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल लिहिताना तीन विलंब सांगितले होते : जायचं ठरवायला लागलेला, पोचायला लागलेला आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागलेला. माझ्या पार्टनरच्या सात आठवड्यांत दुसरा विलंब वीस मिनिटांचा होता, तिसरा दोन दिवसांचा. बाकी सगळा पहिला.

आता त्याची उत्तरं. मी वहीत लिहून घेतली आहेत, तशीच देतो. पहिलं उत्तर, "वाटलं जाईल." हे सगळेच देतात. थोडं खोदल्यावर, "घरी सोयाबीनला भाव नव्हता, बाबांकडे पैसे मागायला नको वाटलं." मोफत आहे हे माहीत नव्हतं? "सरकारी म्हणजे लाइन आणि मग बाहेरची औषधं, असं डोक्यात होतं." बरं, मग? मग तो बराच वेळ गप्प बसला. "ताईची सोयरीक चालू होती. घरात टीबी आहे म्हटल्यावर कोण येतं?"

म्हणजे त्याला संशय आला होता! इथेच माझा सगळा समज उलटा झाला. मी धरून चाललो होतो की त्याला माहिती नाही, जनजागृती पाहिजे, पोस्टर लावले पाहिजेत. त्याच्याकडे माहिती होती. गरजेचा इनपुट एक होता. ती माहितीच त्याला दवाखान्यापासून लांब ठेवत होती.

आणि शेवटचं उत्तर, जे त्याने आधी खोडलं होतं आणि मी भांडून ठेवलं आहे. आमच्या आधीच्या बॅचच्या एकाला कांजिण्या आल्या होत्या. नियमावलीत एक ओळ आहे, संसर्गजन्य आजार असल्यास खोली तात्काळ रिकामी करावी. त्याला संध्याकाळपर्यंत सामानासकट बाहेर काढलं गेलं. अंगात ताप, हातात बादली-गादी, आणि तो एसटी स्टँडवर बसला होता. ही गोष्ट प्रत्येक फर्स्ट इयरला पहिल्या महिन्यात सांगितली जाते, रॅगिंगच्या गोष्टींसारखी. माझा पार्टनर म्हणाला, "मला कुठे जायचं होतं? घरी ताई, इथे हा नियम." तो नियम संसर्ग पसरू नये म्हणून केलेला. त्याच नियमामुळे सात आठवडे एक टीबीचा रुग्ण माझ्यापासून चार फुटांवर झोपला, खिडक्या बंद, कारण थंडी.

त्याला शेवटी दवाखान्यात नेलं ते कोणा डॉक्टरने नाही, सरांनी नाही, मी तर नाहीच. मेसच्या मावशींनी. त्यांच्या लक्षात आलं की हा पोरगा चारऐवजी दोनच पोळ्या घेतो. एक दिवस भांडी आवरताना त्या त्याला म्हणाल्या, "बाळा, दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासायची असते. मला झालेलं आहे हे. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बघ, तुमच्यासारख्या दोनशे जणांच्या पोळ्या लाटते." त्यांच्या वस्तीतल्या आशा ताईंनी त्यांना कधीतरी हे सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मावशी नाश्त्यानंतर पदर खोचून त्याच्यासोबत चालत गेल्या, आणि मीही मागून गेलो.

पुढचं सगळं फार साधं होतं, आणि तेच मला लागलं. थुंकीचा नमुना दिला. सीबीनॅट मशीनवर तपासणी झाली, त्यात जंतू आहे की नाही हे तर कळतंच, रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही तेही कळतं. वडिलांना फोन करावा लागला. ते रात्रीच्या गाडीने आले, रागावले नाहीत, नुसते त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. सहा महिने रोज गोळ्या, वजनाप्रमाणे. आहारासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. औषधं नीट चालू झाली की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो, म्हणून तो तेवढे दिवस घरी राहिला आणि मग परत आला. रेक्टर सरांनी डॉक्टरांशी स्वतः बोलून त्याला परत घेतलं, हे इथे लिहिलंच पाहिजे. नियमावलीतली ओळ अजून तशीच आहे, हेही लिहिलं पाहिजे.

ताईचं लग्न ठरलं, झालं. आम्ही आठ जण गेलो होतो. वरातीत सगळ्यात जास्त कोण नाचलं ते सांगायला नको.

राहिलं माझं. रुग्णासोबत राहणाऱ्यांनीही तपासून घ्यायचं असतं, असं तिथल्या ताईंनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी कधी गेलो असेन? एकोणीस दिवसांनी. आधी एम-टूची ओरल होती, मग वर्कशॉपचा जॉब फायलिंग करायचा राहिला होता, मग रविवार आला, आणि खरं सांगायचं तर मला उत्तर ऐकायचंच नव्हतं. एक्स-रे स्वच्छ निघाला. हा लेख लिहायचा मला काही अधिकार आहे का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा मी त्यांना हे एकोणीस दिवस सांगितले.

दवाखान्याची टीबीची खोली ओपीडीच्या मागच्या बाजूला आहे, निंबाच्या झाडाजवळच्या दारातून थेट जाता येतं, केसपेपरच्या लाइनीतून कोणाला काही सांगावं लागत नाही. सोबत यायला कोणी हवं असेल तर खोली नंबर १४. गुरुवारी मला प्रॅक्टिकल नसतं. आणि मावशी रोजच असतात.